बियाण्यांचा १९६६ चा कायदा बदलणार म्हणतात, ग्रामसभेच्या ठरावात काय लिहावं?

बोरीकाठ (अमळनेर):
राम राम मंडळी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर केला, तेव्हापासून आमच्या पारावर दुसरा विषय नाही. कोणी म्हणतं कंपन्यांच्या सोयीचं आहे, कोणी म्हणतं बोगस बियाणं विकणारे आता आत जातील. आम्ही ग्रामसभेचा ठराव करून खासदारांच्या हातात देणार आहोत. मी मसुदा घेऊन बसलो, पण जुन्या कायद्यात नेमकं कुठे अडत होतं हेच मला धड माहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा. "शेतकरीविरोधी आहे" एवढीच ओळ लिहून पाठवायची नाही.

तापीकाठचा कापूसवाला (चोपडा):
भाऊ, मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ ला मे अखेरीस ठिबकवर तीन एकर कापूस लावला, सहा पाकिटं. उगवण चांगली झाली. ऑगस्टमध्ये आप्पा (माझे वडील) शेतातून आले ते ओट्यावरच बसून राहिले. म्हणाले, "बी खोटं निंघनं रे भो." मी जाऊन पाहिलं. कमरेएवढी झाडं, हिरवीगार, पण मधेमधे वेगळ्याच पानाची, पातं (फुलाआधीची कळी) धरलं की गळायचं, बोंड सुपारीएवढं. आप्पांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि दोघं मिळून प्रत्येक वेगळ्या झाडाला एक चिंधी बांधत गेलो. शंभर झाडांत अडतीस चिंध्या. संध्याकाळी बांधावरून पाहिलं तर वावरात कुणाचा नवस फेडलाय असं वाटत होतं.

तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, लॉट नंबर (बी कोणत्या खेपेचं ते सांगणारा, पाकिटावर छापलेला) काय? आपल्याकडे काय करतात तुम्हाला माहीत आहे. कोणतं वाण कुठे लावलं ते कळावं म्हणून रिकामं पाकीट काडीला खोचून बांधावर उभं करतात. तीन महिन्यांच्या उन्हापावसात त्यावरची छपाई पांढरी पडलेली. नशीब, आप्पांनी एक पाकीट बिलासकट कोठीत ठेवलं होतं. त्या एका पाकिटावर पुढचं सगळं उभं राहिलं.

तालुक्याची समिती आली, पंचनामा झाला, अहवालात भेसळ आहे असं लिहूनही आलं. मला वाटलं, झालं काम. पुढे काय म्हणून विचारायला गेलो तेव्हा कळलं की १९६६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये. परत तोच गुन्हा केला तर १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२५ च्या खरिपात बीजी-२ (बीटी) कापसाचं एक पाकीट ९०१ रुपयांना होतं. म्हणजे पहिल्या गुन्ह्याचा दंड पाकिटाच्या किमतीइतकाही नाही! आणि तोही सरकारजमा, ज्याचं वावर गेलं त्याला त्यातला रुपया नाही.

१९६६ ला विकतचं बियाणं म्हणजे मुख्यतः सरकारी महामंडळ आणि विद्यापीठांचं. त्यामुळे कायद्याचा धाक फक्त अधिसूचित (सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या) वाणांना, आणि प्रमाणीकरण, म्हणजे बियाण्याची सरकारी तपासणी, ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. खासगी संकरित वाणांचा बाजार नंतर वाढला, कायदा आहे तिथेच राहिला.

शेवटी मी ग्राहक मंचात गेलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच राष्ट्रीय बीज महामंडळाच्या खटल्यात सांगितलंय की शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि त्याने पेरलेल्या बियाण्यातून नमुना बाजूला ठेवायला हवा होता अशी अपेक्षा धरता येत नाही. हा निकाल पाठ करून ठेवा. पण निकाल लागायला माझं चौथं वर्ष उजाडलं. तोवर ३१ मार्च चुकला, सोसायटीचं कर्ज थकलं, बिनव्याजी सवलत गेली. मिळालेल्या भरपाईतून ते व्याजही पुरतं फिटलं नाही.

नव्या मसुद्यात मोठ्या गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चांगलं आहे, मी विरोध करणार नाही. पण माझ्या त्या तीन एकरांचं काय? ठरावात पहिलं कलम हेच हवं: भरपाई दंडापासून वेगळी, ती थेट शेतकऱ्याला, आणि पुढचा खरीप येण्याआधी. दुसरं, बी खोटं ठरवताना नुसती उगवण धरू नका. माझं बी तर छान उगवलं होतं.

दादरवाली (शहादा):
दादा, तुमच्या चिंध्यांचं वाचून गलबलून आलं.
माझं म्हणणं घरच्या बियाण्याबद्दल. आमच्याकडे दादर ज्वारीचं बी सासूबाई अजून राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात ठेवतात, शेजारणीला पायलीभर देतात. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क आहे, फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. नव्या मसुद्यात शेतकऱ्यांच्या वाणांना नोंदणीतून सूट आहे. ती सूट तशीच राहावी, एवढं ठरावात घाला.

पांझराकाठ (धुळे):
बोरीकाठ, खासदारांना फक्त कागद देऊ नका, सभागृहात बोलायला सांगा. २००४ ला राज्यसभेत बियाणे विधेयक आलं होतं, स्थायी समितीचा अहवालही आला, आणि तिथेच अडकलं. तीन कृषी कायद्यांचंही आठवा: त्यातल्या दोघांना २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजुरी, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला मागे घेताना दोन्ही सभागृहांत चर्चाच नाही. ज्याच्या पिकाचा कायदा त्याच्या अडचणीवर तासभर बोलणं तरी व्हावं.

बोरीकाठ (अमळनेर):
सगळं उतरवून घेतलं. कापूसवाले दादा, पंचनाम्यात काय-काय लिहून घ्यायचं ते सांगाल का? आमच्याकडे दोघांची तक्रार आत्ताच आहे.

तापीकाठचा कापूसवाला (चोपडा):
लॉट नंबर, वाण, लागवडीची तारीख, मोजलेली झाडं आणि त्यातली वेगळी किती, आजूबाजूच्या वावरांत काय स्थिती आहे. सही करण्याआधी वाचा आणि प्रत त्याच दिवशी मागा. त्या दोघांना सांगा, २०१९ च्या ग्राहक कायद्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ती आपल्याच जिल्ह्यात करता येते, आणि खरेदी पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि आज घरी गेल्यावर बांधावरची पाकिटं आधी काढून आणायला लावा.