श्वासचाचणीत व्हेंटिलेटर काढल्यानेच रुग्ण दगावत नाही का?

प्रश्न: मेंदूमृत्यू ठरवताना व्हेंटिलेटर काही मिनिटे काढून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे पाहतात. तेवढ्या वेळात प्राणवायूअभावीच हानी होणार नाही का?

उत्तर १: शंका रास्त आहे, परंतु प्राणवायू थांबवला जात नाही. आधी १०० टक्के प्राणवायू देतात आणि नंतर श्वासनलिकेतील बारीक नळीतून तो चालू ठेवतात. थांबते ती फक्त यंत्राची हवा आत-बाहेर करण्याची क्रिया. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्र जिवंत असेल, तर त्याला श्वास घ्यायला भाग पाडणारी याहून प्रबळ उत्तेजना नाही. साधारण ८ ते १० मिनिटांनी रक्त तपासतात. त्यातील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटर किंवा अधिक झाला असून मूळ पातळीपेक्षा २०ने वाढला, तरीही छाती-पोट हलले नाही, तरच श्वसन बंद असल्याचे मानतात.

उत्तर २: रक्तदाब किंवा प्राणवायू घसरल्यास चाचणी तत्काळ थांबवतात. गुंगीच्या औषधांचा अंमल आणि शरीराचे घटलेले तापमान आधी वगळावेच लागते.

प्रश्नकर्ता: जुनाट फुप्फुसविकार असल्यास?

उत्तर १: अशा रुग्णाचे शरीर वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडला सरावलेले असते, म्हणून ६०चा आकडा फसवा ठरू शकतो; तेथे मेंदूचा रक्तप्रवाह तपासणे अधिक योग्य.