सॅन अँटोनियोची मिशनं: आई-बाबांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

बायूकाठचा: थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ह्यूस्टनहून गाडीने टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियोला जायचं घाटतंय. अलामो बघूच, पण नदीकाठची बाकीची चार स्पॅनिश मिशनं (म्हणजे अठराव्या शतकातल्या स्पॅनिश पाद्र्यांच्या तटबंद वसाहती, चर्चसकट) कशी करावीत? बाबांना जुनं बांधकाम म्हणजे जीव की प्राण. वसई किल्ल्यातली पडकी चर्चेससुद्धा ते तासन् तास बघतात. आईचे गुडघे मात्र कुरकुरतात. एका दिवसात पाचही होतील?

मेधा_ऑस्टिन: होतील, पण करू नका. तिसऱ्या चर्चनंतर आई गाडीतून उतरायच्या नाहीत! कन्सेप्सियोन आणि सॅन होसे ही दोन निवांत बघा. कन्सेप्सियोनचं चर्च १७५५ सालचं, आणि त्याचं छत आजवर कधी पडलेलं नाही. बाजूच्या खोल्यांमध्ये मूळ रंगकाम अजून टिकून आहे. एका छतावर चक्क मिशीवाला सूर्य रंगवलाय. मान वर करून शोधा, नाहीतर हुकतो. बाहेरच्या भिंतीही पूर्वी अशाच रंगीत होत्या.

सॅन होसे सगळ्यात मोठं. त्याचा घुमट आणि छत १८७४ साली कोसळलं, आज दिसतं ते बरंचसं १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेलं. दगडी नक्षीची 'रोझ विंडो' मात्र मूळची. तटाला लागून तिथल्या मूळनिवासी (अमेरिकन इंडियन) कुटुंबांच्या खोल्या आहेत, मागे पाण्यावर चालणारी पिठाची चक्की. बाबांचा इथेच मुक्काम पडणार.

गुर्जी: बाबांना एस्पादा मिशनचा पाण्याचा पूल दाखवल्याशिवाय परत आणू नका. १७४० च्या दशकातला दगडी जलसेतू, ओढ्यावरून पाट नेणारा, आणि त्यातून आजही पाणी वाहतं. मला विचाराल तर अलामोपेक्षा हा भारी. अलामोला १८३६ च्या टेक्सास-मेक्सिको लढाईचंच एवढं कौतुक, की ते १७१८ साली स्थापन झालेलं मिशन होतं हे लोक विसरूनच जातात.

आणि एक, चर्च बघताना ते बांधलं कोणी हेही बघा. पाद्री हातावर मोजण्याइतके. दगड उचलले, पाट खणले, शेती केली ती इथल्या मूळनिवासी कोअहुइल्तेकान लोकांनी. अपाचे टोळ्यांची भीती आणि उपासमार यांमुळे ते तटाच्या आत आले, आणि साथीच्या रोगांनी तिथेच हजारोंनी गेले. त्यांचे काही वंशज अजून याच चर्चेसमध्ये प्रार्थनेला येतात.

खादाडखाऊ: रविवार जमत असेल तर सॅन होसेची दुपारची मारियाची मिस्सा चुकवू नका, म्हणजे मेक्सिकन वाद्यवृंदाबरोबरची चर्चमधली प्रार्थना, गिटार-ट्रम्पेटसकट. मात्र ही चालती चर्चेस आहेत. लग्न किंवा मिस्सा चालू असेल तर मध्ये शिरून फोटो काढू नका.

बायूकाठचा: वा, बाबा आत्ताच जलसेतूचे फोटो शोधायला बसलेत. गुरुवारी सकाळीच निघालो तर? आणि सायकली भाड्याने घ्याव्यात का?

मेधा_ऑस्टिन: गुरुवारी नको. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी नॅशनल पार्कचा भाग (अलामो सोडून बाकीची मिशनं) बंद असतो. शुक्रवार धरा. पार्कला तिकीट नाही, पार्किंगही फुकट. नदीकाठचा रस्ता सायकलला झकास आहे, पण सावली फारशी नाही. तुम्ही आणि बाबा कन्सेप्सियोन ते सॅन होसे सायकलने या, आईंना गाडीने पुढे पाठवा. अलामोचं चर्च वेगळं, तिथे आत जायची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवा. सुट्टीत गर्दी असते.