रेड वाइन ब्लेंड बांगड्याबरोबर चालेल का?

देवगडकर: भाऊ नाशिकहून शिराझ-कॅबरने ब्लेंड, म्हणजे या दोन द्राक्षांच्या जातींची मिश्र रेड वाइन, घेऊन आलाय. इथे पंख्याखालीही ३२ डिग्री, मग रूम टेंपरेचरला प्यायची कशी? आणि बांगड्याच्या तिखल्याबरोबर जाईल का?

नाशिककर: फ्रीजमध्ये ठेवून गार करा, १६-१८ डिग्री मस्त. आमच्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्च काढतात, दोन्ही जाती बहुतेक वेगवेगळ्या आंबवून मग चव घेत घेत मिसळतात, शिराझचा मिरीसारखा वास आणि कॅबरनेचा तुरटपणा, रंग सगळा सालीचा हो, आतला रस जवळजवळ बिनरंगी!

मालवणी माणूस: बांगडा नकोच, तोंडात लोखंडासारखी चव येते, मी घेतलाय अनुभव. कोंबडी-वडे करा, वडा रश्शात बुडवून खायचा नि मग छोटा घोट, खोबऱ्याच्या वाटपाने तुरटपणा मऊ होतो.

देवगडकर: मग रविवारी कोंबडीच आणतो.