आवळा सरबतात बेंझोएट आहे, वरून व्हिटॅमिन सी घालू का?

सिडकोची_सरबतवाली:
नमस्कार मंडळी. घरीच आवळ्याचं आणि काळ्या द्राक्षांचं सरबत करते, महिन्याला साठ-सत्तर बाटल्या जातात. टिकण्यासाठी किलोला ०.७ ग्रॅम सोडियम बेंझोएट घालते, त्यासाठी सोनारासारखा छोटा काटा घेतलाय. परवा भाच्याने मोबाइलवर दाखवलं की बेंझोएटने पांढऱ्या पेशींना इजा होते आणि व्हिटॅमिन सी दिलं की त्या वाचतात. म्हणे, "मावशी, बाटलीत चिमूटभर सी टाक आणि लेबलवर तसं लिही." पावडर आणून ठेवलीय, हात धजत नाही.

निवृत्त_लॅबवाला:
ताई, नका घालू. बशीत वाढवलेल्या पेशींवर बेंझोएट ओतलं की ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, अँटिऑक्सिडंटने तो उतरतो, इतकं खरं. पण बशीतल्या पेशींच्या मदतीला यकृत नसतं. आपल्या पोटात गेलेलं बेंझोएट यकृतात ग्लायसीनला जोडलं जाऊन हिप्पुरिक आम्ल होतं आणि बहुतेक दिवसभरात लघवीवाटे निघून जातं.
बाटलीत उलटंच. आंबट रसात बेंझोएट आणि सी एकत्र, त्यात लोखंड-तांब्याचा अंश, वर ऊन, की थोडं बेंझीन (कॅन्सरला कारण ठरणारं रसायन) तयार होऊ शकतं. १९९० मध्ये अमेरिकेत शीतपेयांत हेच सापडलं होतं. साखरेने ही क्रिया मंदावते, म्हणून घाबरू नका. पण आवळ्यात सी आधीच भरपूर, हे विसरलात की काय?

सिडकोची_सरबतवाली:
अगंबाई! मागच्या मे महिन्यात रविवार कारंजावरच्या दुकानदाराने माझा अख्खा क्रेट पायरीवर उन्हात ठेवला होता. बाटल्या हाताला चटका देत होत्या. मी रंग उतरला म्हणून भांडले, बाकी डोक्यातच आलं नाही. मग आवळ्याला बेंझोएटऐवजी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) चालेल?

निवृत्त_लॅबवाला:
चालेल, त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड ३५० पीपीएमच्या (किलोला ३५० मिलिग्रॅम) आत ठेवा. तो स्वतःच अँटिऑक्सिडंट, आवळा काळा पडू देत नाही. द्राक्षाच्या सरबताचा मात्र रंग उडवतो, तिथे बेंझोएटच ठेवा.

पिंपळगावकर:
एक भर. आईला दमा आहे. गंधकाची धुरी दिलेले पिवळे बेदाणे मूठभर खाल्ले की छाती वाजायला लागते, काळ्या मनुकांनी काही होत नाही. केएमएस त्याच जातीचा. तेव्हा लेबलवर केएमएसचा २२४ हा आकडा बारीक अक्षरात दडपू नका.

सिडकोची_सरबतवाली:
दादा, ठळक छापते, खाली 'उन्हात ठेवू नये' पण. सीची डबी भाच्याला परत दिली. तो म्हणतो, दुकानदार उघडलेली घेत नाही.