भेट नाही तर पोटगी नाही म्हणे!

कृष्णाकाठची: काल इथं एकानं लिहिलं, "पोरगं भेटू देत नाहीत, मग पोटगी कशाची? बायका ऐश करतात." डोकंच फिरलं. माझ्या पोराला महिना चार हजार मंजूर आहेत. बाप विट्याकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, दुकान कोइमतूरला. समन्स गावच्या पत्त्यावर गेलं की सासरा सांगतो, "तो इथं राहत नाही." वॉरंटचंही तेच. दिवाळीला मात्र गडी गावात बुलेट फिरवतो. आणि पोराचा शाळेचा बूट मी यंदा तीनदा शिवून आणलाय. ही ऐश!

तासगावकर: सगळे बाप तसले नसतात ताई. मला "बागायतदार" म्हणून आठ हजार लावले. द्राक्षबागेच्या औषधांची उधारी कुणी बघितली? मार्चात व्यापाऱ्यानं माल उचलला, चेक दिला, पळाला.

मिरजेचा मास्तर: आमच्या भावकीलाही असाच एक गंडवून गेला. रोख हातात पडल्याशिवाय काटा करू नये.

तासगावकर: मास्तर, घड लटकलेत, वर ढग आलेत, तेव्हा चेक काय, चिठ्ठीवरसुद्धा माल देतो माणूस. शिकवायला काय जातंय!

मिरजेचा मास्तर: मग रडू नका.

कृष्णाकाठची: द्राक्षांचा धागा वेगळा काढा! व्यापारी पळाला की तो चोर, बाप पळाला की त्याची अडचण?

कोर्टकचेरी: भेट आणि पोटगी एकमेकांत अडकवू नका. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो. ताई, पोटगीचा कलम १२५ खालचा आदेश (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता; आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४) तो जिथं सापडेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडूनही बजावून घेता येतो, दुकानाचा पत्ता मिळवा. थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत टाका. बायका इथंच चुकतात. आणि जेलात बसून आला तरी देणं फिटत नाही. तासगावकर, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. औषधांची बिलं तिथं जोडायची होती.

तासगावकर: आमच्या वकिलानं फक्त सह्या घेतल्या. असो. बुटाचं पटलं, जा. पण दोन वर्षं पोरीचं तोंड बघितलं नाही मी, त्याचं काय?

कृष्णाकाठची: वाईट वाटतं, खोटं नाही. अर्ज टाका. पण आठ हजार देताय ना?

तासगावकर: देतोय की. फेब्रुवारीपर्यंतचे दिलेत.

कृष्णाकाठची: जून चाललाय, दादा.