मदत हवी आहे: माल आधी विकला, आता पेटंट मिळेल का? (तातडीचे)

खटपट्या: घडीच्या स्टँडसाठी नवी बिजागरी बनवली आहे. एका हाताने उघडते, आपोआप अडकते. काही नग विकून झाले. आता ओळखीचा एक जण म्हणतो, विकलंस म्हणजे पेटंट गेलं. खरं आहे का? "वकिलाला भेटा" एवढंच लिहू नका. भेटणारच आहे, पण त्याआधी रडायचं की नाही ते कळू दे.

नुस्तावाचक: वकिलाला भेटा.

कलमकसाई: अहो, कधी विकले? कोणाला? पेटंट कुठल्या देशात हवंय? काहीच न सांगता उत्तर द्यायला पत्रिका मांडू का?

खटपट्या: माल पोचवून १० महिने झाले. ४० नग, एकाच कंपनीला. भारत आणि अमेरिका, दोन्हीकडे हवंय. यंत्रणा आत बंद असते, शिवाय गुप्ततेचा करार आहे.

पानापक्कड: मग निश्चिंत राहा. गुप्त विक्री मोजत नाहीत.

कलमकसाई: चूक. अमेरिकेत मोजतात. हेल्सिन विरुद्ध तेवा, २०१९, तिथलं सर्वोच्च न्यायालय. फक्त तिथे विक्रीनंतर अर्ज करायला १ वर्षाची मुभा असते. भारतात तशी सरसकट मुभा नाही, आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ चे १२ महिने ठरावीक प्रदर्शनं वगैरेंपुरते. आणि गुप्तपणे वापर केला तर कलम ६४ खाली पेटंट रद्दही होऊ शकतं. त्यामुळे भारताचं जरा कठीणच दिसतंय.

पानापक्कड: चाचणीसाठी दिले म्हणा की! अमेरिकेतल्या लाकडी फरसबंदीच्या खटल्यात ६ वर्षं भर रस्त्यावर चाचणी चालली होती, तरी पेटंट टिकलं.

कलमकसाई: तो शोधक जवळपास रोज येऊन काठीने रस्ता ठोकून बघायचा. यांनी बिल फाडलंय. आणि खोटं "म्हणा" काय, उलटतपासणीत कोण सांभाळणार?

मधुमालती: पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं.

धंदेवाईक: पेटंटच्या नादी लागूच नका. आधी बाजार धरा. मी तीन वस्तू आणल्या, एकाचंही पेटंट नाही.

पानापक्कड: म्हणूनच तिन्हींची नक्कल झाली असेल.

उंबरठा: अवांतर: बिजागरी की बिजागर? आमच्याकडे बिजागरंच म्हणतात.

सावकाश: खटपट्या, १० महिने माल पोचल्यापासून मोजताय. ऑर्डर कधी आली? अमेरिकेतल्या फाफच्या खटल्यात (१९९८) त्याने शोधलेले चिपचे सॉकेट तयारही झाले नव्हते, फक्त रेखाटनं होती. ऑर्डर ८ एप्रिल १९८१ ची, अर्ज १९ एप्रिल १९८२ चा. वर्षापेक्षा ११ दिवस उशीर, पेटंट गेलं. शोध कागदावर पक्का झालेला आणि विक्रीचा प्रस्ताव दिलेला असला की घड्याळ सुरू.

खटपट्या: बाप रे. मेल शोधले. ऑर्डर ११ महिने १० दिवसांपूर्वीची. कोटेशन मात्र १३ महिन्यांपूर्वीचं!

सावकाश: कोटेशन याच बिजागरीचं होतं का?

खटपट्या: नाही, तेव्हा जुनीच लावणार होतो. नवी नंतर सुचली, ऑर्डरच्या आदल्या आठवड्यात त्यांना चित्र पाठवलं.

सावकाश: हे आधी सांगायचं ना! मग ऑर्डर नाही, चित्राच्या मेलची तारीख धरा. दोन आठवडेही नाहीत हातात. निदान प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज तरी टाका, आणि ते जुनं कोटेशन वकिलापासून लपवू नका.

खटपट्या: उद्या सकाळची वेळ मिळाली. बिजागर-बिजागरीवाल्यांनी वेगळा धागा काढावा.

उंबरठा: काढला.