खोट्या शपथेने सावली नाहीशी होते असे जग: आधी काय ठरवावे?

कऱ्हाकाठ (पुणे):

नमस्कार. मी मराठीत एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत असून तिच्या जगाच्या उभारणीविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. कथा एका पठारी मुलुखात घडते. या मुलुखात जादू म्हणावी अशी एकच गोष्ट आहे: देवाच्या किंवा राजाच्या नावाने घेतलेली शपथ खोटी असेल, तर ती घेणाऱ्याची सावली त्या क्षणापासून कायमची नाहीशी होते. याखेरीज तेथे उडते घोडे नाहीत, राक्षस नाहीत, मंत्रतंत्र नाही. नायिका अशाच एका सावली गमावलेल्या माणसाची मुलगी आहे आणि आपले वडील खोटे बोललेच नव्हते, याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नाही.

अडचण अशी, की नकाशे, राजांच्या वंशावळी, सणवार, नाणी यांचीच टिपणे वाढत चालली आहेत आणि कथा पहिल्या प्रकरणापुढे सरकत नाही. जग किती ठरवून झाले म्हणजे लिहायला बसावे? मुलूख पुण्याच्या परिसरासारखा ठेवला, तर वाचकाला तो उसना वाटेल काय? आणि गावांची व माणसांची नावे संस्कृतप्रचुर ठेवावीत की सर्वस्वी नवी घडवावीत?

घाटमाथा:

पुण्याचा परिसर खुशाल घ्यावा. मात्र त्याची नुसती दृश्ये न घेता त्यामागची कारणपरंपरा घ्यावी. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुणे शहरात तो सातशे-साडेसातशेवर येतो आणि दौंडकडे गेल्यास पाचशेच्या आसपास उरतो. सह्याद्री ढगांना अडवतो आणि त्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, एवढ्या एका कारणातून मावळात भात आणि उतरती छपरे, तर पूर्वेला ज्वारी-बाजरी आणि धाब्याची घरे, असा सारा फरक निघतो. शिवाय आपल्या नद्या अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवून भीमा-कृष्णेच्या मार्गाने थेट बंगालच्या उपसागराला जातात. अशी विसंगती कल्पनेने रचली असती, तर कोणीतरी ती अशक्य ठरवली असती!

आता आपली शपथ या भूगोलावर ठेवून पाहावी. घाटमाथ्यावर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. तेथे आषाढात घेतलेली शपथ खरी की खोटी, हे कदाचित आश्विनापर्यंत कळणार नाही. म्हणजे पठारावरचा व्यापारी पावसाळ्यात मावळातल्या माणसाशी शपथेवर सौदा करणार नाही. आणि मावळातली माणसे लबाड असतात, असा समज पठारावर पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला असेल, ज्याचे खरे कारण केवळ ढग हे आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असे परंपरेने मानले जाते. आपल्या मुलुखात घाटाच्या माथ्यावर जकातीबरोबर सावलीही तपासली जाईल आणि त्या चौकीला चार महिने काम नसेल. दिव्याच्या उजेडात पडणारी सावलीही जाते काय, हे मात्र आपल्याला आधीच ठरवावे लागेल, कारण ती जात असेल तर पणती हेच चौकीचे हत्यार होईल.

आणखी एक. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे साडेअठरा अंश अक्षांशावर असल्याने येथे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली लपते. जुलैमधला शून्यसावलीचा दिवस बहुधा ढगांत जातो. उरतो मे. त्या दिवशी काही मिनिटे सावली असलेला आणि नसलेला यांत फरक राहत नाही. नायिकेच्या वडिलांना भर बाजारात यायचे असेल, तर वर्षातून हीच एक संधी आहे.

कच्चा खर्डा:

वरील माहिती मोलाची आहे, परंतु ती वाचून मूळ लेखिकेच्या टिपणवहीत आणखी पन्नास पाने वाढतील, अशी धास्ती वाटते. माझे मत थोडे निराळे आहे. जे नायिकेच्या वाटेत आडवे येते तेवढेच आज ठरवावे. वंशावळीची पर्वा करणाऱ्या एखाद्या माणसापुढे ती उभी राहीपर्यंत वंशावळ नसली तरी चालते, आणि तसा माणूस कथेत आलाच नाही तर ती कधीच लागत नाही.

एक नियम मात्र पहिल्या ओळीआधी पक्का हवा. शपथ खोटी म्हणजे नेमके काय? बोलणाऱ्याला ती खोटी आहे हे ठाऊक असणे, की त्याला ठाऊक नसले तरी वस्तुस्थिती तशी नसणे? यावर आपल्या टिपणांत एक ओळही नसेल, तर नाण्यांची टिपणे बाजूला ठेवावीत.

मोडी वाचक:

कच्चा खर्डा यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या जुन्या न्यायपद्धतीचा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

सतराव्या-अठराव्या शतकांत वतनाचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या व जाणत्या मंडळींच्या न्यायसभेपुढे, चालत, साक्षी होत, निकालाचा महजर (निवाड्याचा कागद) लिहिला जाई आणि साक्षी-पुराव्याने निवाडा होईना तेव्हा दिव्य करण्याची, म्हणजे देवावर हवाला ठेवून शरीराची कसोटी देण्याची, वेळ येई. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. त्याआधी नखे काढून हात तपासले जात, नंतर हातावर पिशवी बांधून तिला मोहर केली जाई आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती सर्वांसमक्ष सोडून हाताला इजा झाली की नाही हे पाहिले जाई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की सत्य देव सांगणार असे मानणारी माणसेसुद्धा पिशवीला मोहर करत होती. देवावर विश्वास होता, शेजाऱ्यावर नव्हता.

आपल्या मुलुखात तर दिव्य खरोखरच चालते. मग तेथला समाज सत्यवचनी होईल, असे समजू नये. तेथे शपथेच्या शब्दांना जपणारा समाज तयार होईल. बडी माणसे स्वतः कधीच शपथ घेणार नाहीत. ती चाकराकडून किंवा गरजू कुळाकडून घेववतील. शपथेचा मजकूर लिहून देणारे कारकून असतील, ‘माझ्या जाणिवेप्रमाणे’ हे दोन शब्द घालण्याचे वेगळे दाम ते घेतील आणि प्रतिपक्ष ते दोन शब्द काढून टाकण्यासाठी सभेत भांडेल. सावली गेलेल्याला गावाच्या पेरणीत, लग्नात, पाणवठ्यावर जागा असेल काय, सुगीला त्याच्या खळ्यावर बलुतेदार येतील काय, हे प्रश्न कोणत्याही राजवंशापेक्षा आपल्या कथेच्या अधिक जवळचे आहेत.

माझी सूचना अशी, की खोटेपणा वस्तुस्थितीवरून ठरावा, जाणिवेवरून नव्हे. तसे केल्यास वडील निरक्षर असणे, त्यांनी कारकुनाने वाचून दाखवलेला मजकूर जसाच्या तसा उच्चारणे आणि त्यात बांधाच्या पूर्वेऐवजी पश्चिमेचा उल्लेख असणे, एवढे पुरेसे होते. सावली गेली हेही खरे आणि ते खोटे बोलले नाहीत हेही खरे. नायिकेला जादू चुकली असे सिद्ध करावे लागत नाही. तिला तो कागद शोधावा लागतो. अशा कागदांची भाषा कानांत बसावी म्हणून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या, म्हणजे पेशवेकालीन निवडक कागदपत्रांच्या, ४५ खंडांपैकी दोन-तीन तरी चाळावेत. लढायांचे खंड सोडून सामाजिक आणि मुलकी व्यवहारांकडे वळावे.

कऱ्हाकाठ (पुणे):

सर्वांचे आभार. वस्तुस्थितीचा नियम स्वीकारते, आणि दिव्याच्या उजेडातली सावलीही जाते असे ठरवते. मोडी वाचक यांना एक शंका विचारते: बोलणाऱ्याला ठाऊक नसलेले सत्यही सावलीला ठाऊक असेल, तर लोक तिच्याकडून काहीही वदवून घेतील. ‘या जागी वीस हातांवर पाणी लागेल’, अशी शपथ एखाद्या गरिबाला पैसे देऊन घ्यायला लावली, की विहीर खणण्याआधीच उत्तर मिळाले. हे कसे रोखावे? नावांचा प्रश्नही अजून शिल्लक आहे.

पेठकरी:

नावांपुरते लिहितो. सगळ्यांची नावे संस्कृतप्रचुर झाली, की गुराखी आणि युवराज एकाच घरातले वाटतात. नावे कोणी ठेवली हे आधी ठरवावे. पुण्यात वारांच्या नावांच्या पेठा आहेत, त्या वसवणाऱ्यांच्या सोयीने आल्या. कोंढवा आणि वडगाव यांना लागलेले खुर्द-बुद्रुक सरकारी दफ्तराच्या सोयीने आले. ओढे, टेकड्या आणि खिंडी यांची नावे गुराख्यांनी ठेवली. असे तीन थर ठेवले, तर शब्द अगदी नवे घडवले तरी वाचकाला ते मराठी वळणाचे वाटतील.

मोडी वाचक:

शंका रास्त आहे. भविष्याविषयीची शपथ सावलीला लागूच होत नाही, असे ठेवावे. म्हणजे राजाची मुदतीची वचने, लग्नातल्या आणाभाका आणि कर्जफेडीचे करार यांना त्या मुलुखातही आपल्याइतकीच किंमत राहील. तथापि ‘या जागी आज वीस हातांवर पाणी आहे’ असे म्हटले, तर ती भविष्याची शपथ होत नाही, आणि ही पळवाट बुजवू नये असे मला वाटते. दुष्काळात गावाने पाण्यासाठी एकामागून एक कुळांना अशा शपथा घ्यायला लावल्या असतील, तर त्या मुलुखात सावली नसलेल्यांची एक पूर्ण वस्ती असेल आणि तिच्यातल्या बहुतेकांनी कोणालाही फसवलेले नसेल. नायिका वाढली ती त्याच वस्तीत. पहिले प्रकरण झालेच आहे. दुसरे तेथून सुरू करून पाहावे.